पोच बाकी

१

कागद होता, पण त्यावर काहीच नव्हतं.

वहिनींनी तो खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. एका जाड कागदावर अरुंद पट्ट्या एकीखाली एक चिकटवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या वरच्या कडेला गोंदाचा एक ठिपका, बाकीची पट्टी मोकळी. सगळ्या पट्ट्या कोऱ्या आणि पिवळट.

"ह्याच्या मागे झेरॉक्स होती," त्या म्हणाल्या. "मी स्वतः वाचलीय ती. आता नाहीये."

हे ऐकायला दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. विमावाल्या बाई आपलं मनगटी घड्याळ न्यायला आल्या होत्या. ते दुरुस्त होऊन कधीचं पडलं होतं. न्यायचं राहून गेलं आणि मधल्या काळात घड्याळजीच गेले. त्याला दोन महिने झाले होते. नमस्कार करून, दोन शब्द बोलून, घड्याळ घेऊन निघायचं, असं ठरवून बाई आल्या होत्या. पण कोरा कागद दिसला आणि त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली.

बाईंची सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. जळालेली गोदामं, चोरीला गेलेले दागिने, पाण्यात बुडालेल्या गाड्या. त्यात खरं किती आणि बनाव किती, हे त्या ठरवत. कचेरीत पाठीमागे त्यांना शंकेखोर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

"नीट सांगा वहिनी. कसली झेरॉक्स?"

गल्लीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत. त्या स्टुलावर बसल्या आणि एका दमात बोलून मोकळ्या झाल्या. खाली दुकान, वर दोन खोल्या, अशी ही इमारत घेताना अर्धे पैसे धाकट्या दिरांनी दिले होते. पुढे पैशांवरूनच दोघा भावांत शब्दाला शब्द लागला आणि बोलणं तुटलं. घड्याळजींनी ईर्षेने दीड वर्ष पोटाला चिमटा काढून सगळी रक्कम भावाच्या खात्यात भरली, दर महिन्याला, बँकेच्या मशीनमधून. मशीनमधून निघालेल्या त्या ह्या पट्ट्या.

"आणि भाऊजी म्हणतात, मला एक पैसा मिळाला नाही. अर्धी इमारत माझी, विका आणि माझे द्या. उद्या सकाळी इथेच तडजोडीच्या कागदावर सही व्हायचीय. माझ्याकडे पुरावा हा एवढाच होता."

"बँक?"

"जाऊन आले. दहा वर्षांपलीकडचं आम्ही ठेवत नाही म्हणाले. हे बारा वर्षांपूर्वीचं."

बाईंनी फाइल ओढून घेतली. कोपऱ्यात, दुरुस्तीच्या घड्याळांना बांधतात तशी, दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकत होती. त्यावर घड्याळजींच्या बारीक अक्षरात दोनच शब्द होते: पोच बाकी. पट्ट्यांचा कागद फाइलीच्या पुठ्ठ्याला डाव्या कोपऱ्यात स्टेपलच्या एका तिरक्या पिनेने जोडलेला होता. पिन नवी होती, चकचकीत.

"ही पिन घड्याळजींनी मारली?"

वहिनी पुढे वाकल्या. मग त्यांनी हात असा मागे घेतला, जणू पिन चावली.

"ह्या घरात कागदाला पिन लागत नाही, बाई. त्यांना गंज खपत नसे."

२

वरच्या खोलीतलं कपाट उघडताच बाईंना कळलं की इथे घड्याळाच्या आणि कागदाच्या दुरुस्तीत फरक केला जात नव्हता. प्रत्येक फाइलीला दोरा, प्रत्येक दोऱ्याला चिठ्ठी. जुने कागद दोऱ्याने शिवलेले. पिन किंवा टाचणी नावालाही नाही. लोखंड गंजतं, गंज कागद खातो, आणि गंज हा तर घड्याळजींचा जन्माचा वैरी.

"चिठ्ठीवर काय लिहायचे?"

"कधी टाकायचं ते. विजेची बिलं, दोन वर्षं. कराचे कागद, आठ. शिलाई मशीनची पावती, मशीन चालतंय तोवर. घराचे कागद, कधीच नाही. वर्षअखेरीला आम्ही दोघं बसायचो. मी एकेक वाचायचे, ते फाडायचे. एकट्याने कुणी फाडायचं नाही, असा नेमच होता."

"आणि 'पोच बाकी'?"

वहिनी पहिल्यांदा किंचित हसल्या. "तो दुकानातला नेम. दुरुस्त झालेलं घड्याळ मालकाने स्वतः हातात घेऊन 'मिळालं' म्हटल्याशिवाय चिठ्ठी फाडायची नाही. मुलगा आला, नोकर आला, घड्याळ देऊ. पण चिठ्ठी राहणार. तुमचं घड्याळसुद्धा तुम्ही दहा वर्षं आला नसतात तरी तिथेच असतं. पैसे फेडून झाले तेव्हा ह्यांनी भाऊजींच्या इथल्या पत्त्यावर पत्र टाकलं. पैसे भरलेत, मिळाले असं कळव. उत्तर नाही. मग चिठ्ठी तशीच राहिली. मी म्हणायचे, बारा वर्षं झाली, आता कशाला? तर म्हणायचे, तो म्हणेल तेव्हा."

"झेरॉक्स कुणी काढली होती?"

"ह्यांनीच. त्या पट्ट्यांवरची छपाई उडते ना. काचेत ठेवलेल्या पावत्या उडालेल्या पाहिल्या होत्या त्यांनी. म्हणून ताज्या असतानाच काढून मागे शिवून ठेवली. मागच्या आवराआवरीला मी वाचली. वाचली म्हणजे वाचली, बाई. तारखा, रकमा, खात्याचा नंबर. मला वेड लागलेलं नाही."

"असं मी म्हटलंय का? त्यानंतर कपाटाशी कोण कोण एकटं बसलं?"

वहिनींनी बोटांवर मोजलं. लेक परगावी नोकरीला. तिचा नवरा, म्हणजे जावई, विम्याचे कागद शोधायला आला होता. भाऊजी, भाऊ गेल्यावर आले आणि वरच्या खोलीत दार लावून बराच वेळ बसले होते. आणि करसल्लागार, शेवटच्या वर्षाचं विवरणपत्र भरायला कागद न्यायला. दोन्ही भावांचे कर गेली कित्येक वर्षं तेच भरत. उद्याची तडजोडही त्यांनीच जुळवली होती.

"चोराने सगळी फाइल का नाही नेली?" बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

"का?"

"फाइल गेली असती तर तुम्ही आरडाओरडा केला असता. कोऱ्या पट्ट्या ठेवल्या, की उद्या सगळे तुमच्याकडे बघून हळहळणार. बिचारी, नवरा गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही."

खाली दुकानाचं दार वाजलं आणि जिन्यावरून जड पावलं धडधडत वर आली.

३

"अरे वा, पुन्हा कागद! सासूबाई, तुम्हाला किती वेळा सांगितलं, सगळं पेटवून द्या. आजकाल सगळं मोबाइलमध्ये असतं."

जावई खोलीत आला तो खोली लहान करतच. अंगाने दणकट, आवाज त्याहून. व्यायामशाळा काढायची त्याच्या मनात होती आणि इमारत विकली गेली तर भांडवलाची सोय होणार होती. हे त्याने लपवलंही नाही.

बाईंनी त्याला नेमकं एवढंच विचारलं, "धाकट्या भावाला पैसे परत केल्याचा कागद नाहीसा झालाय. तुम्ही पाहिला होता?"

"दोघांच्या सह्यांचा? छे! असा करारनामा हाती लागला असता तर मी फ्रेम करून लावला असता. पण काय हो, तुम्ही कोण? पोलीस?"

"गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईकं कपाटं तपासतात होय हल्ली?"

"त्या माझ्या ओळखीच्या आहेत," वहिनी म्हणाल्या. "आणि नीट बोला."

जावई वरमला. मग मान खाजवत म्हणाला, "हे बघा, उगाच माझ्यावर यायला नको, म्हणून आधीच सांगतो. मी एक पोतं रद्दीत घातलंय."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "कसलं पोतं?"

"खालच्या कप्प्यातलं! विजेची बिलं, किराण्याच्या याद्या, बंद पडलेल्या रेडिओची पावती. रेडिओ कुठाय? नाही. मग पावती कशाला? ते दुकानातलं टेबलही मी काढणार होतो. त्यावरचा तो जुना दिवा बघा, हात भाजतो इतका तापतो. घरात आग लागेल एक दिवस."

"वरच्या कप्प्याला हात लावलात?"

"वेळ कुणाला होता? खालून उचललं, पोत्यात कोंबलं, मोकळा झालो."

बाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. हा माणूस खोटं बोलत असेलही. विमा कंपनीत असे पुष्कळ पाहिले होते, मोठ्याने बोलतात कारण हळू बोललं की खोटं ऐकू येतं. पण शिवलेल्या कागदातून एकच पान दोरा कापून काढायचं, उरलेला कागद पुन्हा नीट जोडून ठेवायचा, हे पोत्याने विचार करणाऱ्या माणसाचं काम नव्हतं.

की तसं वाटावं म्हणूनच पोत्याची गोष्ट सांगितली?

"धाकटे काका कुठे उतरलेत?" त्यांनी विचारलं.

"स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये. पण जपून जा. मला परवा तंगडं मोडायची धमकी दिलीय त्यांनी."

४

लॉजचं दार अर्धंच उघडलं. फटीत जो चेहरा दिसला तो उन्हाने आणि खारट वाऱ्याने रापलेला होता. धाकट्याची उमर जहाजाच्या इंजिनाशेजारी गेली होती. तो अजूनही समोरच्याला इंजिनाच्या आवाजातही ऐकू जायला हवं असं बोले.

"वहिनीने पाठवलं?"

"मी स्वतः आले. पैसे परत केल्याचा कागद नाहीसा झालाय. तुम्ही पाहिला होता?"

"चेक दिला म्हणतेय का ती? मग चेकबुकाचं अर्धुक दाखवा म्हणावं! आयुष्यभर चिटोरंसुद्धा जपून ठेवणारा माझा भाऊ, आणि नेमका हाच पुरावा नाही? मला काय दूध पितं पोर समजता?"

"भाऊ गेल्यावर तुम्ही वरच्या खोलीत दार लावून बसला होतात."

धाकट्याचा चेहरा क्षणभर उघडा पडला. "त्याचं घड्याळ बघत होतो," तो खाली बघून म्हणाला. "भिंतीवरचं. आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केलेलं पहिलं. ते अजून चालतंय." मग एकदम आवाज चढवला. "कपाट बघत नव्हतो! बारा वर्षं एक पत्र नाही, एक निरोप नाही. मी तिकडे समुद्रात, हा इकडे माझ्या पैशांवर बसलेला. पैसे गेले त्याचं काही नाही हो. पण भाऊ लबाड निघाला, हे घेऊन कसं जगायचं माणसाने?"

बाईंनी मूळ मुद्दा धरला. "तुमच्या बँकेच्या जुन्या पासबुकात बघता आलं असतं."

"फाडलं. आठ वर्षांपलीकडचं ठेवून काय करायचंय, घरात उंदीर पोसायचेत का, असं सांगितलं. मी सगळं फाडलं. इथलं खातं मी वापरतही नव्हतो, पगार दुसरीकडे जायचा. इथलं भाडं, टपाल, सगळं बघायला माणूस नेमला होता."

"कोण माणूस? आणि फाडायला सांगितलं कुणी?"

धाकट्याचे डोळे बारीक झाले. "तुम्ही कुणाकडून आलात हो? वहिनीच्या वकील आहात का?"

"नाही."

"मग उद्या दुकानात या. जे बोलायचं ते चार माणसांत बोलेन."

दार बंद झालं. आतून कडीही लागली.

५

करसल्लागारांच्या कचेरीत बसायला गुबगुबीत खुर्ची होती आणि पाणी न मागता आलं. डोक्यावर मोजके पांढरे केस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलणं लोण्यासारखं.

"तुम्ही त्या बिचाऱ्या माउलीसाठी धावपळ करताय, फार बरं वाटलं," ते म्हणाले. "पण खरं सांगू? ह्या परतफेडीबद्दल मी आत्ता पहिल्यांदा ऐकतोय. दोघंही माझे जुने अशील. घड्याळजी कधी बोलले नाहीत. भरणा झाला असता तर माझ्या कानावर आलंच असतं ना?"

"त्यांच्या बायकोचं म्हणणं, कागद होता. तो नाहीसा झालाय."

"असेलही. मग त्यांनीच फाडला असेल. मी सगळ्यांना एकच सांगत आलोय. आठ वर्षं ठेवा, मग टाका. लोक ऐकत नाहीत. काल एक जण लग्नाच्या मांडवाचं बिल घेऊन आला. नातू कॉलेजात आहे त्याचा!"

बाई हसल्या. गोष्ट हसण्यासारखीच होती.

"कर खात्यापुरतं आठ वर्षं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण फेडलेलं कर्ज? ते मागणारा माणूस जिवंत आहे तोवर कागद टाकू नये, असं आम्ही विमेवाले म्हणतो."

"तुमचंही बरोबर. पण कागद टिकला तर! मशीनमधून निघालेल्या पट्ट्यांचं काय घेऊन बसता? वर्षभरात उडून जातात. उद्या कुणी कोऱ्या पट्ट्या पुढे केल्या तर त्यातून काय सिद्ध होणार? वहिनींना समजवा. सही करून मोकळ्या होऊ द्या त्यांना. उगाच मनस्ताप."

त्यांनी तडजोडीच्या मसुद्याची एक प्रत काढली, पानं ठोकून सारखी केली, टेबलावरचा छोटा स्टेपलर उचलून एक पिन मारली आणि बाईंच्या हातात प्रत दिली. "वाचून घ्या. तुमच्यासारखी जाणती व्यक्ती सोबत असली की त्यांना धीर येईल."

बाई आभार मानून उठल्या. जिना उतरताना त्या मनात तीन जणांची उत्तरं एकापुढे एक मांडत होत्या. तिघांना शब्दाला शब्द एकच प्रश्न विचारला होता, असं त्यांना वाटत होतं. वाटण्यावर त्यांचा भरवसा नसे, म्हणून त्यांनी पुन्हा आठवून पाहिलं.

शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या. हातातला मसुदा उचलून त्यांनी त्याच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं.

मग घरी जाऊन त्यांनी पर्सच्या तळाशी सापडलेली औषधाच्या दुकानातली एक जुनी, उडालेली पावती इस्त्रीच्या बोर्डावर ठेवली आणि इस्त्री तापवायला लावली.

६

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत पाच माणसं आणि भिंतभर घड्याळं. वहिनी घड्याळजींच्या स्टुलावर बसल्या होत्या. धाकटा उभाच होता, कागदांची पिशवी छातीशी धरून. जावई दाराला टेकलेला. सल्लागारांनी मसुदा काउंटरवर पसरला आणि पेनाचं टोपण काढलं.

"वहिनी, इथे."

"सहीआधी दोन मिनिटं," विमावाल्या बाई म्हणाल्या. "मी काल तिघांना एकच प्रश्न विचारला. पैसे परत केल्याचा कागद नाहीसा झालाय. कसला कागद, ते मी सांगितलं नाही. जावईबापूंच्या डोळ्यांपुढे काय आलं? दोघांच्या सह्यांचा करारनामा. धाकट्यांच्या? चेक. बरोबर आहे, ज्याने पाहिला नाही तो आपल्या मनाने कागद उभा करणार."

"आणि सल्लागारांच्या?" जावयाने विचारलं.

"मशीनच्या पट्ट्या. त्याही कोऱ्या."

सल्लागारांनी टोपण पेनाला लावलं. "अहो, आजकाल सगळे मशीनमध्येच भरतात. अंदाज होता तो."

"असेल. पण त्याआधी तुम्ही म्हणालात, ह्या परतफेडीबद्दल मी पहिल्यांदाच ऐकतोय. जे झाल्याचंच माहीत नाही, ते रोख झालं की चेकने, मशीनमधून झालं की हातोहात, आणि त्याची छपाई उडालीय, एवढा अंदाज?"

"वहिनी बोलल्या असतील माझ्याजवळ. आठवत नाही."

"मी तुम्हाला फक्त कपाटाची किल्ली दिली," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तीही विवरणपत्रासाठी."

"बरं, मग घड्याळजींनीच झेरॉक्स टाकली असेल! आठ वर्षं झाल्यावर..."

"झेरॉक्स?" बाईंनी त्यांना तिथेच धरलं. "झेरॉक्सचं नाव आत्तापर्यंत कुणी काढलं?"

जावयाने दारातली आपली जागा जरा जास्त रुंदावली.

"घड्याळजी ती टाकणार नाहीत," बाई पुढे म्हणाल्या. "ह्या दुकानात मालकाने 'मिळालं' म्हटल्याशिवाय चिठ्ठी फाटत नाही. आणि ह्या घरात एकटं कुणी कागद फाडत नाही. शिवाय ही पिन." त्यांनी फाइल आणि मसुदा शेजारी शेजारी ठेवले. डावा कोपरा, तिरकी पिन. डावा कोपरा, तिरकी पिन. "दोरा कापून झेरॉक्स काढली, तसा पट्ट्यांचा कागद सुटला. तो पडू नये म्हणून तुमच्या हाताने तेच केलं जे रोज शंभर कागदांना करतो. घड्याळजी कागदाजवळ लोखंड येऊ देत नसत, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं."

सल्लागार हसले. पण लोणी आता घट्ट झालं होतं. "एक पिन आणि एक बोलण्याची चूक! विमा कंपनीत चालत असेल, बाई. मला काय पडलंय कुणाची झेरॉक्स न्यायची? पैसे धाकट्यांना मिळाले की नाही, त्याच्याशी माझा संबंध काय? आणि समोर काय आहे? कोऱ्या पट्ट्या!"

"हो, ते मात्र कोरं आहे," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान होता. तो वहिनींकडे बघत होता, आणि त्या नजरेत काल नव्हतं असं काहीतरी होतं. आशा म्हणावी तर भीतीही वाटावी असं.

बाईंनी घड्याळजींच्या टेबलावरचा दिवा लावला.

"ही छपाई शाईची नसते, कागदच तापून काळा होतो. वर्षांनी काळं उडतं. पण एकदा तापलेली जागा पुन्हा कोऱ्यासारखी वागत नाही. जळालेल्या दुकानांच्या पावत्या आमच्याकडे अशाच वाचायचे. चुकलं तर पट्टी जाईल. वहिनी, परवानगी आहे?"

वहिनींनी मान डोलावली.

बाईंनी सगळ्यात खालची पट्टी गोंदापासून सोडवली आणि घड्याळजींच्या चिमट्यात धरून तापत्या बल्बजवळ नेली. काही झालं नाही. जावई पुटपुटला, "हात भाजतो म्हटलं होतं ना." मग पट्टीची कड राखाडी झाली. राखाडी रंग आत सरकत गेला, मधेच गडद, मधेच फिका, आणि त्या राखेत पांढुरके आकडे उमटले. पाटीवर खडूने लिहावं तसे. तारीख अर्धी गेली होती. रक्कम होती. खात्याचा नंबर होता, शेवटचे दोन आकडे सोडून.

धाकट्याने तो मोठ्याने वाचला. मग पिशवी काउंटरवर उपडी केली आणि एक घडीचा कागद बाहेर ओढला.

"हे इथल्या खात्याचं मुखत्यारपत्र," तो म्हणाला. "बाकी सगळं फाडलं मी. हे शिक्क्याचं होतं म्हणून राहिलं." त्याने बोट पट्टीवरून कागदावर, कागदावरून पट्टीवर नेलं. आकडा आकड्याला जुळत गेला. बोट खाली सरकलं आणि ज्या नावाने हे खातं चालवायचं होतं त्या नावाशी थांबलं.

"तू," तो सल्लागारांना म्हणाला. "खातं तूच बघायचास. पासबुक तुझ्याकडे, कार्ड तुझ्याकडे. त्यात काही येत नाही, नुसता खर्च लागतो, असं सांगून बंदही तूच केलंस. टपालही तूच उचलायचास. दादाने पत्र टाकलं होतं?"

"टाकलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"आणि उंदीर पोसायचेत का म्हणून माझी पासबुकं तू समोर बसून माझ्याकडूनच फाडून घेतलीस, उघडूही न देता. मला वाटलं, किती आपलेपणाने करतोय."

सल्लागार आपली बॅग उचलून दाराकडे वळले. जावई जागचा हलला नाही.

"काका," तो म्हणाला, "ह्यांचं तंगडं मोडायचं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "बसवून ठेवा. आणि ह्यांच्या कचेरीतल्या रद्दीला कुणी हात लावू नका. पोलिसांना आठ वर्षांपलीकडचंही लागेल."

सल्लागार गुमान बसले. त्यांच्या खिशातली दोन पेनं वाकडी झाली होती. ती त्यांनी सवयीने सरळ केली.

पोलीस येऊन गेल्यावर दुकान पुन्हा रोजच्यासारखं दिसू लागलं. मसुदा काउंटरवर तसाच होता. धाकट्याने तो उभा फाडला, मग आडवा.

"बारा वर्षं, वहिनी," तो म्हणाला. "बंदरात उतरलो की पत्र लिहायला घ्यायचो. पहिल्या ओळीतच शिवी यायची, मग फाडायचो."

"तेही तसेच. तुमची ही चिठ्ठी दर वर्षी हातात घ्यायचे. म्हणायचे, राहू दे, तो येईल."

वहिनींनी फाइल त्याच्यापुढे सरकवली. धाकट्याने दोऱ्याला लटकणारी पुठ्ठ्याची चिठ्ठी बोटांत धरली. त्याची बोटं इंजिनाच्या कामाची, जाड. दोऱ्याची गाठ घड्याळजींची, बारीक. ती त्याला सुटेना. वहिनींनी पुढे होऊन सोडवून दिली.

"मिळाले," तो म्हणाला. खोलीत कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे. भिंतीकडे बघून.

"आता फाडा," वहिनी म्हणाल्या. "मालकानेच फाडायची असते."

त्याने नकारार्थी मान हलवली. चिठ्ठी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात दाबून धरला.

जावयाने पुढे होऊन टेबलावरचा तापलेला दिवा बंद केला.

बाईंना आपलं घड्याळ आठवलं. वहिनींनी ते खणातून काढून त्यांच्या हातात ठेवलं. चालू होतं.

"मिळालं," बाई म्हणाल्या, आणि चिठ्ठी फाडून दोन्ही तुकडे वहिनींच्या तळहातावर दिले.